कॉलेज बदलण्याआधी कर्ज-शिष्यवृत्तीची फाइल उघडा

वर्षाच्या मध्येच कॉलेज सोडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

माल भिवंडीहून निघाला आणि वाटेत पार्टी बदलली, तर आपला व्यापारी सर्वांत आधी कागद बदलून घेतो. बिल्टी एकाच्या नावाची आणि माल दुसऱ्याच्या गोदामात, असा व्यवहार कोणी करत नाही. हे धंद्यात आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण तीच मंडळी मुलाचे किंवा मुलीचे कॉलेज मध्येच बदलताना कागदाचा विचार सर्वांत शेवटी करतात. दाखला काढला जातो, सामान घरी येते आणि मग दोन महिन्यांनी लक्षात येते की बँकेचे कर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या टेबलावर आहे आणि भरलेली फी परत मिळण्याची मुदत निघून गेली आहे.

कॉलेज बदलण्याची कारणे आपल्या घरांत खरीच असतात. लूम बंद पडले, दुकानाची विक्री बसली, वडिलांचे आजारपण आले, वसतिगृहाचा खर्च झेपेना, मुलीला घराजवळ आणायचे ठरले. निर्णय चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच आहे की मुलगा एका कॉलेजातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचे पैसे आपोआप त्याच्यामागे जात नाहीत. कर्ज आणि शिष्यवृत्ती दोन्ही ठराविक कॉलेज, ठराविक अभ्यासक्रम आणि ठराविक वर्षासाठी मंजूर झालेली असतात. या तिन्हींपैकी एक बदलले की पुन्हा विचारावे लागते.

आधी हिशेब पाहू

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखानदाराने मुलाच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 3 लाख 60 हजारांचे कर्ज मंजूर करून घेतले. वर्षाची फी 90 हजार. बँकेने पहिल्या वर्षाचे 90 हजार ऑगस्टमध्ये थेट कॉलेजला भरले. डिसेंबरमध्ये मुलाने कॉलेज सोडले आणि पुढच्या जुलैत तेवढ्याच फीच्या दुसऱ्या कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला.

आता लागणार 3 लाख 60 हजार आणि मंजुरीत शिल्लक राहिले 2 लाख 70 हजार. तूट 90 हजारांची. शिवाय गेलेल्या 90 हजारांवर व्याज चालूच आहे. दर 10 टक्के धरला तर साध्या व्याजाने वर्षाला 9 हजार.

हाच मुलगा आणखी सहा महिने थांबला, दोन्ही सत्रे उत्तीर्ण झाला आणि थेट दुसऱ्या वर्षाला बदली घेऊन गेला, तर लागणारी रक्कम 2 लाख 70 हजार आणि शिल्लकही तेवढीच. म्हणजे सहा महिन्यांच्या धीराची किंमत 90 हजार रुपये आणि आयुष्यातील एक वर्ष. या सहा महिन्यांत वसतिगृह व खानावळीचे 40 हजार गेले तरी सौदा फायद्याचाच ठरतो. आजारपण किंवा तशीच मोठी अडचण असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ ‘मन लागत नाही’ या कारणासाठी डिसेंबरात दाखला काढण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

अभियांत्रिकी, फार्मसी यांसारख्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत वर्षाच्या मध्यावर कॉलेज बदलण्याची सोय सहसा नसते. बदली होते ती दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जागा रिकामी असेल तर. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत विद्यापीठाच्या परवानगीने काही ठिकाणी सत्र संपल्यावर बदल होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. मुलाने मिळवलेली क्रेडिट्स तेथे त्याच्या नावावर जमा राहतात. पण खात्यात क्रेडिट आहे म्हणून नव्या कॉलेजात जागा मिळतेच असे नाही. किती क्रेडिट्स धरणार आणि कोणत्या सत्रात बसवणार, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्यावे.

बँकेचे कर्ज

शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर कॉलेजचे आणि अभ्यासक्रमाचे नाव असते. फीची रक्कम बँक विद्यार्थ्याच्या हातात न देता सत्राप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे कॉलेजला पाठवते. म्हणून नव्या कॉलेजची फी हवी असेल तर बँकेची नवी मंजुरी लागते. त्यासाठी नव्या कॉलेजचे प्रवेशपत्र, फीचा तक्ता, आधीची गुणपत्रिका आणि कॉलेज का बदलले याचा अर्ज बँकेत द्यावा लागतो. नव्या कॉलेजच्या मान्यतेचे कागदही बँक मागते. कॉलेज मान्यताप्राप्त नसेल तर कर्ज पुढे चालण्याची आशा धरू नये.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या कर्जात मुलाबरोबर वडिलांची किंवा आईची सही सहकर्जदार म्हणून असते. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. पण बँकेला काही न कळवता मुलाने कॉलेज सोडले, तर शिक्षण थांबले असे धरून बँक परतफेड मागू शकते. पत्र जुन्या पत्त्यावर जाते, घरात कोणाला पत्ता नसतो. हप्ता 90 दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद मुलाबरोबर वडिलांच्याही सिबिलमध्ये होते. उद्या वडील दुकानाची सीसी लिमिट वाढवायला किंवा नवे मशीन घ्यायला त्याच बँकेत गेले की मॅनेजर हीच नोंद समोर ठेवतो. मुलाच्या दाखल्याचा संबंध आपल्या धंद्याच्या पतीशी असा येतो.

अभ्यासक्रमाची मुदत एक वर्षाने वाढत असेल तर परतफेड सुरू होण्याची तारीखही पुढे न्यावी लागेल. ती आपोआप पुढे जात नाही. नव्या मंजुरीपत्रावर ती तारीख छापून आली आहे का, हे स्वतः वाचावे.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनीही हेच करावे. तेथेही कर्ज ठराविक अभ्यासक्रमासाठी मंजूर होते. बदल जिल्हा कार्यालयाला आधी कळवावा. पुढचा हप्ता अडल्यावर धावपळ करू नये.

व्याजाची सवलत कधी जाते?

वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना 2009 पासून आहे. तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात कर्जावरचे व्याज सरकार भरते. योजनेत अट स्पष्ट आहे. अभ्यासक्रम मध्येच सोडला, किंवा शिस्तीच्या अगर अभ्यासाच्या कारणावरून विद्यार्थ्याला काढून टाकले, तर हे अनुदान मिळत नाही. आजारपणामुळे सोडावे लागले आणि त्याचे कागद असले तर अपवाद होतो. म्हणून आजारपण हे कारण असेल तर डॉक्टरांचे सर्टिफिकेट आणि इस्पितळाची फाइल जपून ठेवावी. कारण दुसरे असेल तर दाखला काढण्याआधी बँकेला लेखी विचारावे की कॉलेज बदलल्यावर अनुदान चालू राहील का. नव्या कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे मूल्यांकन आहे का, हेही पाहावे. अनुदानाचा प्रश्न त्याच्याशीही जोडलेला आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलतीचीही सोय आहे. पण ही योजना ठराविक यादीतील दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. यादीतील कॉलेज सोडून बाहेरच्या कॉलेजात गेलेल्या मुलाच्या कर्जाचा हा आधारच निघून जातो.

शिष्यवृत्ती व फी सवलत

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज आता महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. अर्ज आधी कॉलेज तपासते, मग संबंधित खाते. मुलगा ज्या कॉलेजात शिकतच नाही, ते कॉलेज त्याचा अर्ज पुढे पाठवणार नाही. नवे कॉलेज पोर्टलवरच्या माहितीत जुने नाव दिसल्यावर अर्ज परत करते. शिवाय एकाच वर्षाची रक्कम दोन कॉलेजांतून घेता येत नाही. जुन्या कॉलेजातून अर्ज मंजूर झाला असेल तर नव्या कॉलेजच्या क्लार्कपासून ते लपवू नये. पुढे वसुली निघते आणि पुढच्या वर्षांचे अर्जही अडकतात.

खुल्या वर्गातील मुले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घेतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्यांची मुले इतर मागास वर्गातून फी सवलत घेतात. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्याने केला. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या या सवलतींत एक महत्त्वाची अट आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. नवे कॉलेज ‘जागा रिकामी आहे, या’ म्हणून व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश देत असेल, तर फी सवलतीवर पाणी सोडावे लागेल. एजंट ही गोष्ट सांगत नाही.

शाहू महाराज योजनेत आणखी दोन अटी आहेत. मागील सत्रात किमान 50 टक्के हजेरी हवी आणि शिक्षणात दोन वर्षे किंवा अधिक खंड नसावा. जुने कॉलेज सोडून नव्यात जाईपर्यंत घरी बसलेले आठवडे या हजेरीतूनच जातात.

केंद्राच्या अल्पसंख्याक मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीतही असेच कलम लिहिलेले आहे. वर्षाच्या मध्ये एका संस्थेतून दुसरीत जाणे सामान्यतः मान्य नाही. अपवादात्मक परिस्थितीत आणि विद्यार्थ्याच्या शैक्षणिक हितासाठीच ते मान्य होते. सरकारी मदतीकडे सरकार कसे पाहते, याचा अंदाज या एका वाक्यातून यावा.

व्याज टाळण्यासाठी कर्ज न घेता समाजातील ट्रस्टची मदत घेणारी घरेही बरीच आहेत. ट्रस्टचा चेक पुष्कळदा कॉलेजच्या नावाने निघतो. कॉलेज बदलले तर ट्रस्टला आधी कळवणे हे कर्तव्यच आहे. तो पैसा वाया गेला तर दुसऱ्या एखाद्या गरजू मुलाचा हक्क गेला.

भरलेली फी परत मिळते का?

आयोगाच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेत टक्केवारी ठरलेली आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर 100 टक्के. त्या 15 दिवसांच्या आत, पण अंतिम तारखेपूर्वी, केला तर 90 टक्के. अंतिम तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 15 ते 30 दिवसांत 50 टक्के आणि 30 दिवसांनंतर काहीच नाही. 2024-25 या वर्षासाठी आयोगाने 30 सप्टेंबर 2024 पर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापून परतावा, असे धोरण जाहीर केले होते. आपल्या मुलाच्या वर्षाची तारीख कॉलेजकडून विचारून घ्यावी. दिवाळीनंतर कॉलेज सोडणाऱ्याला फी परत मिळण्याची आशा फारशी नसते, हे मात्र धरून चालावे. फी बँकेने भरली असेल तर परतावाही कर्जखात्यातच जमा झाला पाहिजे. तो घरखर्चात वापरला तर मूळ कर्ज तसेच राहते.

मूळ गुणपत्रिका व दाखले अडकवून ठेवण्याची मुभा कॉलेजला नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे. ‘चारही वर्षांची फी भरा, मगच कागद देऊ’ असे सांगितले गेले तर घाबरून पैसे भरू नयेत. आधी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा, मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, आणि तेथेही काम झाले नाही तर 2023 च्या नियमांप्रमाणे नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालाकडे जावे. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

कामे या क्रमाने करा

पहिले, नव्या कॉलेजकडून लेखी घ्या: कोणत्या सत्रात प्रवेश, कोणत्या कोट्यातून, फी किती, आधीचे किती विषय धरणार.

दुसरे, ते पत्र घेऊन बँकेत जा. मंजुरी बदलेल का, व्याज अनुदान राहील का, परतफेडीची तारीख कोणती, हे अर्जात विचारा आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

तिसरे, जुन्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात अर्जाची स्थिती पाहा. चालू वर्षाची रक्कम मिळाली का, मिळायची आहे का, याची नोंद घ्या.

चौथे, फी परताव्याची तारीख पाहा. मुदत दोन दिवसांवर आली असेल तर आधीची तिन्ही कामे त्या दोन दिवसांतच उरका.

पाचवे, हे सर्व झाल्यावरच प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या आणि दाखला घ्या. अर्जावर तारीख आणि शिक्का हवाच. परताव्याची टक्केवारी त्या तारखेवर ठरते.

सहावे, पोर्टलवर कॉलेज, अभ्यासक्रम आणि वर्ष बदलून घ्या व नव्या कॉलेजच्या क्लार्ककडून तपासून घ्या.

यातले कोणतेही काम अवघड नाही. दुकानात माल उतरवताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढीच येथे लागते. फरक इतकाच की पाचवे काम पहिल्यांदा केले तर बाकीच्या पाच कामांत बोलायला आपल्या हातात काही उरत नाही. दाखला एकदा निघाला की परत ठेवता येत नाही. म्हणून या वर्षी ज्यांच्या घरात कॉलेज बदलण्याची गोष्ट चालू असेल, त्यांनी आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मुलाला शेजारी बसवावे आणि मंजुरीपत्र व फीची पावती काढून दोघांनी मिळून वाचावी.