डोंगरातली ट्रायथलॉन : खेळ काय आहे, पैसा कुठून येतो आणि आपल्या पोरांनी सुरुवात कुठून करावी?

बुलडाणा : पहाटे पाचला चिखली रोड घ्या, मेहकर रोड घ्या, नाहीतर घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडं जा. पोलीस भरतीची, अग्निवीरची तयारी करणारी पोरं-पोरी रस्त्यानं पळताना दिसतातच. यातली काही पोरं आता मोबाईलवर एक वेगळी शर्यत बघतात. माणसं तलावात उड्या टाकतात, पोहून बाहेर येतात, ओल्या अंगानं सायकलवर बसतात, दगडधोंड्यातून डोंगर चढतात-उतरतात आणि सायकल ठेवून पुन्हा त्याच डोंगरात पळतात. मग प्रश्न येतो, "भाऊ, यात पैसे भेटतात का? आपल्याला जमन का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सरळ देण्याचा हा प्रयत्न.

खेळ नेमका काय?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एकामागोमाग. मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळही घड्याळात मोजला जातो. हा खेळ २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. तिथं दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं, पण सायकल आणि पळणं पक्क्या रस्त्यावर.

डोंगरातला प्रकार १९९६ मध्ये हवाई बेटांतल्या माउई इथं सुरू झाला. आज तो 'एक्सटेरा' या नावानं जगभर ओळखला जातो. दीड किलोमीटर पोहणं, मग साधारण ३० किलोमीटर माउंटन बाईक आणि साधारण १० किलोमीटर डोंगरवाटेनं पळणं. जागेप्रमाणं अंतर थोडं कमी-जास्त होतं. जागतिक ट्रायथलॉन संघटना याच खेळाला 'क्रॉस ट्रायथलॉन' म्हणते आणि २०११ पासून त्याची वेगळी जागतिक स्पर्धा घेते. एक्सटेराची जागतिक स्पर्धा बरीच वर्षं माउईला व्हायची, २०२२ मध्ये ती इटलीतल्या मोल्वेनो या डोंगरी गावात गेली.

रस्त्यावरच्या शर्यतीत एक लय पकडून पाय मारता येतात. डोंगरात तसं चालत नाही. कुठं चढ इतका की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, कुठं उतार इतका की पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस डोक्यावर पडतो. ताकदीइतकंच तोल आणि डोकं लागतं.

व्यावसायिक खेळाडू म्हणजे कोण?

इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. शर्यतीत भाग घेणारे बहुतेक लोक हौशी असतात. ते स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरतात. व्यावसायिक म्हणजे ज्याचं घर या खेळावर चालतं. त्याच्याकडं येणारा पैसा तीन वाटांनी येतो : शर्यतीचं बक्षीस, कंपन्यांचं प्रायोजकत्व आणि देशाच्या संघटनेची किंवा नोकरीची मदत. बक्षीस पहिल्या काही नंबरांनाच मिळतं. पाय मुरगळला, हात मोडला की ती कमाई बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर कोरडवाहू शेतीसारखंच आहे, मेहनत बारा महिन्यांची आणि पीक हाती येईल तेव्हाच खरं.

स्कॉटलंडच्या लेस्ली पॅटरसनचं उदाहरण बघा. ती एक्सटेराची जगज्जेती. तिला एका जुन्या युद्धकादंबरीवर सिनेमा काढायचा होता. त्या कादंबरीचे हक्क टिकवायला दरवर्षी पैसे भरावे लागायचे आणि ते ती शर्यतीच्या बक्षिसातून भरायची. एकदा कोस्टा रिकातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचा खांदा मोडला. तरी ती एका हातानं पोहली आणि शर्यत जिंकली, कारण हक्काचे पैसे भरायचे होते. पुढं तो सिनेमा, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', २०२३ मध्ये चार ऑस्कर घेऊन गेला. जिद्दीची गोष्ट आहेच. पण जगज्जेत्या बाईलाही मोडक्या खांद्यानं पाण्यात उतरावं लागलं, हेही त्यात दिसतं.

दुसरं नाव फ्लोरा डफी. बर्म्युडा नावाच्या बेटावरची. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण ६४ हजार, म्हणजे आपल्या बुलडाणा शहराएवढी. तिनं २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं एक्सटेराची जागतिक स्पर्धा जिंकली आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण आणलं. बर्म्युडाचं ते पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण. म्हणजे गाव लहान आहे म्हणून खेळाडू लहान राहतो असं नाही.

आपल्याकडं कोण आहे?

जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिला ट्रायथलॉनचं सुवर्ण महाराष्ट्राच्या डॉली पाटीलनं आणि रौप्य मानसी मोहितेनं घेतलं. म्हणजे राज्यात हा खेळ वर गेलेला आहे. गोव्यात २०१९ पासून 'आयर्नमॅन ७०.३' ही शर्यत सुरू झाली. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. तिथं डॉक्टर, इंजिनीअर, पोलीस अधिकारी असे नोकरी-धंदा सांभाळून उतरणारे लोक जास्त.

आपल्या विदर्भातले म्हटले तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही साधारण ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्यानं, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यतही. तेही पेशानं डॉक्टर.

आता शेतकऱ्याच्या घरचा माणूस घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, तिथला अविनाश साबळे. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनमध्ये ड्युटी केली. सैन्यातच २०१५ पासून क्रॉसकंट्री पळू लागला आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडं वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रेल्वेच्या नोकरीत राहून पळाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात अंतिम फेरीत दहावी आली.

मुद्दा हा की या दोघांच्या मागं पगार होता. महिन्याचा किराणा, दुखापतीचा दवाखाना, सरावाची जागा आणि कोच हे सगळं नोकरीच्या आधारानं उभं राहिलं. आपल्या भागातल्या पोरासाठी व्यावसायिक खेळाडू होण्याची खरी वाट हीच आहे. भरतीसाठी पळणं आणि खेळासाठी पळणं हे दोन वेगळे रस्ते नाहीत, पहिला दुसऱ्याला जाऊन मिळतो.

आपल्याकडं काय आहे, काय नाही?

डोंगर आहे. बुलडाणा अजिंठ्याच्या रांगेवर बसलंय, घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरला सातपुडा आहे. राजूर घाटासारखा चढ रोजच्या सरावाला मिळणं शहरातल्या पोरांच्या नशिबात नाही. पांदण रस्ते आहेत, पावसाळ्यात त्यावर सायकल चालवून बघा म्हणजे माउंटन बाईक काय असते ते कळेल. अंगमेहनतीची सवय आहे.

नाही ते पोहणं. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं जीव वाचवायला ठीक, शर्यतीला नाही. ५० मीटरच्या तरण तलावात दीड किलोमीटर म्हणजे ३० फेऱ्या, न थांबता, तोंड पाण्यात ठेवून, एका बाजूनं श्वास घेत. हे अंगात बसायला वर्षं लागतात आणि ते शिकवणारा माणूस लागतो. सायकलचंही तसंच. शर्यतीच्या दर्जाची माउंटन बाईक सहज लाखाच्या पुढं जाते.

सुरुवात कशी करावी?

पहिलं वर्ष पळण्याला द्या. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर लागतं. तेवढ्यावर न थांबता हळूहळू १० किलोमीटरपर्यंत जा आणि आठवड्यातून एकदा चढावर पळा. सोबत जवळच्या शहरातल्या तरण तलावात सुट्टीत शिकवणी लावा. सायकल घरातली चालेल. साधी सायकल घाट चढली की पाय तयार होतात, महागडी नंतर बघू.

वावर गहाण ठेवून किंवा कर्ज काढून सायकल घेऊ नका. आधी राज्याच्या निवड चाचणीत आपला वेळ कुठं बसतो ते बघा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्य खेळ आणि मान्य स्पर्धांनाच. म्हणून कुठल्याही खाजगी शर्यतीची फी भरण्याआधी त्या प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. डोंगरातला प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही. त्यामुळं आधी साधी ट्रायथलॉन, मग डोंगर, हा क्रम सोयीचा. डफीसुद्धा दोन्हीकडं खेळली.

जीव आधी

शेततळ्यात सराव करू नका. प्लास्टिकचा कागद ओला झाला, शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, धरायला काही नसतं. ज्याचं शेततळं आहे त्यानं काठाला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवावी. धरणात एकट्यानं उतरू नये. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत, तिथं अस्वल आहे, बिबट आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय पहाटे पळायला, सायकलला जाऊ नये. घाटात अंधारात सायकल काढायची तर मागं लाल दिवा आणि डोक्यात हेल्मेट पाहिजेच.

बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरनं २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात जगातल्या एक नंबरच्या खेळाडूला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा जिल्ह्याचं नाव जगात गेलं. ट्रायथलॉनमध्येही असं नाव निघू शकतं. पण त्यासाठी घरच्यांनी पोराला 'पळून काय भेटणार' असं म्हणू नये, आणि पोरानंही भरतीचा अभ्यास सोडून नुसत्या सायकलच्या मागं लागू नये. दोन्ही सोबत चालतं.