मूल सांभाळणारी बाई : तिची भाषा व तिचें शिक्षण

आईवडील दोघेंही नोकरीस जात असलेल्या घरांत तान्ह्या मुलासाठीं बाई ठेवण्याची वेळ आली, कीं दोन अटी हटकून पुढें येतात : तिला इंग्रजी बोलतां यावें आणि ती निदान दहावी उत्तीर्ण असावी. या अटींमागील हेतु चांगला आहे. परंतु त्यांनीं तो साधतो काय, हें पाहूं.

प्रथम भाषा. १९८४ सालीं कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदींतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' यांतील भेद ओळखतां येई. वर्ष भरत आलें, कीं बहुतेकांना तो येईनासा होई. म्हणजे जी भाषा नित्य कानीं पडते, तिच्यासाठींच कान तयार होतो. २००३ सालीं अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी भाषा ऐकविली. माणसें समोर बसून बोललीं, खेळलीं, तेव्हां बारा बैठकींत मुलांनीं ते ध्वनि टिपले. तेंच बोलणें चित्रफितींतून ऐकविलें, तेव्हां कांहींच पदरीं पडलें नाहीं.

तात्पर्य, मुलाला हवें तें जिवंत, भरघोस बोलणें. तुटक इंग्रजींत चार आज्ञा देणाऱ्या बाईपेक्षां मालवणींत वा वऱ्हाडींत दिवसभर गोष्टी सांगणारी बाई त्याला अधिक देते. घरची भाषा आईबापांनीं बोलत राहावें. मूल दोन्ही वेगळ्या ओळखूं लागतें.

आतां शिक्षण. १८९२ सालीं लंडनमध्यें एमिली वॉर्ड यांनीं नॉरलँड संस्था काढली, ती दायांना फ्रेबेलच्या तत्त्वांनुसार बालसंगोपन शिकविण्यासाठीं. प्रमाणपत्रापेक्षां कामाचें ज्ञान पाहावें, तें असें : औषधाचें नांव व मात्रा वाचतां येते काय, तापमापकावरील आंकडा कळतो काय, घशांत घांस अडकला तर काय करावें हें ठाऊक आहे काय? वाचन कच्चें असेल, तर रोज अर्धा तास आपणच शिकवावें, आणि तो वेळ तिच्या पगारी कामांतच धरावा.

शेवटीं, तिच्या भाषेची परीक्षा घेतांना आपलीही घ्यावी. तिला 'ए बाई' म्हणून हांक मारलेली मूल ऐकतें, आणि 'अहो मावशी' म्हटलेलेंही ऐकतें. यांपैकीं जें ऐकेल, तेंच तें उद्यां बोलेल.