खरखर किती ठेवायची?

चांदूर बाजारात गाणं बारकाईनं ऐकायचं तर आधी कूलर बंद करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ती हिंमत कोण करणार? म्हणून जुन्या गाण्यांच्या सीडी तपासण्याचं माझं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि होळीच्या आसपास गुंडाळलं जातं. रात्री दहानंतर बाजारातली वर्दळ ओसरते, संत्र्याचे ट्रक तेवढे अधूनमधून जातात. व्होल्टेज बरं असलं तर अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणत नाही. मग बसायचं.

काम सांगायला सोपं आहे. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या काळात काढलेल्या दोन-तीन सीडी घ्यायच्या आणि त्यांतली कोणती मूळ ध्वनिमुद्रणाशी इमान राखते ते ठरवायचं. माझ्या फळीवर एल्व्हिस, चक बेरी, लिटल रिचर्ड, बडी हॉली आहेत आणि त्यांच्याच रांगेत सी. रामचंद्र. हे कोणाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडच्या कानांवर रॉक अँड रोल पहिल्यांदा पडलं ते पुणतांब्याच्या या अण्णांमुळेच. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि १९५७ च्या ‘आशा’मध्ये अण्णांनी ‘ईना मीना डीका’ दिलं. किशोरकुमारचं वेगळं, आशाबाईंचं वेगळं. अण्णांच्या वाद्यवृंदात गोव्याची मंडळी होती. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट त्यांचे सहायकही होते. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेल्या आणि हॉटेलांत जाझ वाजवलेल्या या वादकांशिवाय हिंदी चित्रपटात तो झटका आला नसता.

सीडी बाजारात आली १९८२ साली. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. माणसाच्या कानाला पुरून उरेल इतकी क्षमता. तरीही सुरुवातीच्या कित्येक सीडी निर्जीव निघाल्या, कारण घाईत हाताला लागेल ती टेप उतरवली गेली. कधी ती मूळ टेपच्या नकलेची नक्कल असे, कधी एलपी कापण्यासाठी खर्ज आणि तार आधीच छाटलेली. पुढे नव्वदीनंतर उलटा रोग आला. प्रत्येक कंपनीला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्यानं वाजायला हवी होती. हळू भाग वर ओढला, मोठे भाग छताला टेकवले, सगळं गाणं एकाच उंचीचं झालं. वेष्टनावर मात्र ‘डिजिटली रीमास्टर्ड’. या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही.

म्हणून पहिलं काम आवाज सारखा करणं. जरासं मोठं वाजणारं गाणं कानाला नेहमीच सरस वाटतं. एका डेसिबलचा फरकही पुरतो. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकून दोन्ही सीडी एका पातळीवर आणल्या की निम्म्या ‘रीमास्टर’ सीडींची ऐट तिथंच उतरते.

मग गाणं अख्खं ऐकायचं नाही, ठरलेल्या जागा ऐकायच्या. एल्व्हिसचं १९५५ चं ‘बेबी लेट्स प्ले हाउस’ घ्या. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स गायकाचा आवाज दुसऱ्या टेपयंत्रावरून निमिषभर उशिरानं परत मिसळायचा. त्यामुळे प्रत्येक शब्दामागे त्याचाच एक पुसट पडसाद येतो. ड्रम नाहीत, बिल ब्लॅक डबल बेसच्या तारा पट्टीवर आपटून ठेका धरतो. चांगल्या सीडीवर तो आपटल्याचा ‘टक्क’ आणि त्यामागून येणारा तारेचा खर्ज वेगवेगळे कळतात. पडसादही विरत विरत जातो, मधेच तुटत नाही.

वाईट सीडीवर हेच आधी मरतं. खरखर काढणारं सॉफ्टवेअर गाण्यातली एखादी रिकामी जागा बघून टेपची ‘सूं’ ओळखतं आणि मग पूर्ण गाण्यातून तेवढं वजा करतं. पण त्या ‘सूं’च्या पातळीवरच पडसादाचं शेपूट असतं, झांजेची शेवटची किणकिण असते, गायकानं ओळीआधी घेतलेला श्वास असतो. सॉफ्टवेअरला ते ओळखू येत नाही. हात जड पडला की सगळं एकदम जातं आणि गाणारा गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं.

हे पकडायची एक हमखास जागा म्हणजे गाण्याचा शेवट. आवाज विरायला लागला की व्हॉल्यूम वाढवायचा आणि कान देऊन बसायचं. प्रामाणिक सीडीवर शेवटचा सूर संपल्यावरही ‘सूं’ क्षणभर तशीच राहते, मग ट्रॅक संपतो. सफाई केलेल्या सीडीवर सुराबरोबर ‘सूं’ही आत ओढली जाते आणि सूर पुरता विरण्याआधीच ठार शांतता पसरते.

उलट, जे फाटलेलं आहे ते फाटलेलंच हवं. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ १९५५ साली न्यू ऑर्लिन्सला कॉझिमो मटासाच्या स्टुडिओत झालं. तो किंचाळला की आवाज कडेला फाटतो, आणि ते फाटणं त्या ध्वनिमुद्रणाचाच भाग आहे. ज्या सीडीवर ती किंचाळी गुळगुळीत झाली आहे, ती मी बाजूला ठेवतो. बडी हॉलीच्या ‘पेगी सू’मध्ये (१९५७) ड्रमचा आवाज मधेच जवळ येतो, मधेच लांब जातो. नवख्याला तो दोष वाटेल, पण नॉर्मन पेटी ड्रमला जोडलेला एको मुद्दाम चालू-बंद करत होता. तो जवळ-लांबचा फरक स्पष्ट कळला तर सीडी पास.

पुढची कसोटी खोट्या स्टीरिओची. पन्नाशीतलं बहुतेक रॉक अँड रोल मोनो आहे. साठच्या दशकात स्टीरिओची हवा आली तेव्हा कंपन्यांनी मोनो गाण्याचा खर्ज एका बाजूला, तार दुसऱ्या बाजूला ढकलून ‘स्टीरिओ’ बनवलं, आणि त्यातलं काही तसंच सीडीवर उतरलं. यासाठी मी एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लावतो आणि दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवतो. खरं मोनो असेल तर दोघांचा आवाज एकमेकांना खातो, खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. खर्ज बऱ्यापैकी शिल्लक राहिला तर कोणीतरी कारागिरी केली आहे.

वेगाच्या परीक्षेसाठी मात्र मी शेजारच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना बोलावतो. तबकडी उतरवताना ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरवली तर गाणं अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्म्यानं चढतं. सहा टक्के फरक पडला तर पांढरी एकचं गाणं थेट काळी एकमध्ये जातं. ‘ईना मीना डीका’च्या दोन सीडी एकामागून एक लावल्या. त्यांनी भाता हलवला, बोट ठेवलं, दुसऱ्या सीडीला मान हलवली. ‘‘भाऊ, हे चढून राह्यलं. पेटीत बसूनच नाही राह्यलं.’’ यंत्रानं मोजलं असतं तर आकडा मिळाला असता, पण चढलेल्या वेगानं किशोरचा आवाज किती पोरसवदा झालाय हे त्यांनीच दाखवलं.

खरखरीबद्दल मात्र आमचं जमत नाही. ‘‘कायले ठेवता ही खरखर? गाण्यात गाणं पायजे.’’ त्यांचं निम्मं खरं आहे. ओरखड्याची ‘टक-टक’ एकेक वेचून काढता येते, गाण्याला इजा न होता, आणि ती काढलीच पाहिजे. पण सलग येणारी ‘सूं’ गाण्यात मुरलेली असते. ती थोडी कमी करणारा कारागीर मला मान्य आहे, साफ पुसणारा नाही. जुन्या गाण्यावर नवा ढोल-ताशा चढवणाऱ्या ‘झंकार’ कॅसेटींबद्दल मी काही लिहीत नाही. त्या एसटी स्टँडवरच बऱ्या होत्या.

बाजारात आणखी एक फसवणूक चालते. इंटरनेटवरून उतरवलेल्या एमपीथ्री फायली साध्या ऑडिओ सीडीवर भरून, छान वेष्टन घालून विकतात. झांज ऐकली की कळतं: ‘छन्न’ऐवजी पाण्यात हात फिरवल्यासारखा चुळचुळीत आवाज. खात्री करायची तर संगणकावर ऑडॅसिटीत आलेख उघडावा. कमी दर्जाच्या एमपीथ्रीत १६ हजार हर्ट्‌झच्या आसपास सगळं सुरीनं कापल्यासारखं संपलेलं दिसतं. लाखेच्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात तिथवर संगीत फारसं नसतंच, पण तबकडीची खरखर असते, आणि तीही एका रेषेत थांबलेली दिसली तर समजावं.

नवी सीडी आली म्हणून जुनी विकू नका, असं मी सगळ्यांना सांगतो, त्यालाही कारण आहे. २००८ साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि मूळ टेपचं गोदाम जळालं. चक बेरीची चेस, बडी हॉलीची डेका या कंपन्यांच्या टेपही तिथं होत्या. नेमकं किती गेलं यावर वाद आहे. पण जी टेप गेली तिच्यावरून आधी नीट उतरवलेली सीडी हाच आता पुरावा. आपल्याकडे अनेक जुन्या गाण्यांच्या बाबतीत लोकांच्या घरांत उरलेल्या तबकड्या हाच आधार आहे. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही रसिकांची संस्था जुन्या तबकड्यांवर काम करते आहे.

चांदूर, परतवाडा, मोर्शी, वरुडच्या जुन्या घरांत माळ्यावर अशा तबकड्या असतील. त्या भंगारात देऊ नका. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि उन्हाळ्यात टिनाखाली तर नकोच. आणि एक लक्षात असू द्या: या तबकड्यांत लाख असते, आणि सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. म्हणून त्या स्पिरिटनं कधीही पुसू नका. साधं पाणी, चिमूटभर सौम्य साबण आणि मऊ कापड, मधल्या लेबलाला पाणी न लावता, एवढंच पुरे.