पाण्याला जेवू घालताना

पालघरकडे मावसभावाच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा टाकीतले तपकिरी पाणी पाहून वाटले, हे ओतून द्यायचे राहिले असावे. तो म्हणाला, "दादा, ही घाण नाही, हेच माझे भांडवल." मी वाणिज्य शाखेचा; जीवाणूंशी संबंध दह्यापुरता. पुढची चार वर्षे वाचण्यात आणि पाणी मोजण्यात गेली.

मूळ हिशेब सोपा आहे. ३५ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात सुमारे ५६ ग्रॅम नायट्रोजन असतो. कोळंबीच्या अंगी त्यातला साधारण पाव हिस्सा लागतो. उरलेला विष्ठा, उष्टे आणि अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. एरवी पाणी बदलून तो खाडीत ढकलतात. बायोफ्लॉकमध्ये पाणी जवळजवळ बदलतच नाहीत, मळी घालतात. आपल्या साखर कारखान्यांतली तीच. कार्बन मिळाला की जीवाणू वाढतात आणि वाढताना अमोनिया अंगात घेतात. त्यांचे पुंजके म्हणजे फ्लॉक. ते कोळंबी खाते आणि वाया गेलेले पुन्हा ताटात येते. इस्रायलच्या योराम अव्निमेलेख यांनी १९९९ मध्ये याचे गणित मांडले : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन बांधायला सुमारे २० ग्रॅम कर्बोदके.

एवढे टाक्या विकणारेही सांगतात. जीवाणूही श्वास घेतात, हे मात्र घाईत राहून जाते. मळी पडली की त्यांची पंगत बसते आणि प्राणवायू भराभर संपतो. एका संध्याकाळी अमोनिया चढलेला पाहून भावाने दुप्पट मळी ओतली. रात्री वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला तास लागला. सकाळी दोन महिने वाढवलेली कोळंबी तळाशी पडली होती. वहिनींचे दागिने गहाण होते ते याच टाकीपायी. मी तेव्हा विजेला बोल लावला. आता वही उघडतो तेव्हा विजेच्या आधी मळीची ओळ दिसते.

आता मळी सकाळी, थोडी थोडी पडते. काही आठवड्यांनी अमोनियाचे नायट्रेट करणारे दुसरे, सावकाश वाढणारे जीवाणू रुळतात, मग ती कमीही करता येते. पण हे जीवाणू पाण्याची क्षारता खातात : एका ग्रॅम नायट्रोजनमागे सात ग्रॅमहून अधिक. ती लिटरला १०० मिलिग्रॅमखाली गेली की सामू घसरू लागतो, म्हणून खाण्याचा सोडा हाताशी लागतो. तोही बेताने, कारण सामू चढला तर उरलेला अमोनिया अधिक विषारी होतो.

फ्लॉक मोजायला काचेचा निमुळता शंकू असतो. लिटरभर पाणी त्यात वीस मिनिटे निवू द्यायचे. तळाशी दहा-पंधरा मिलिलिटर गाळ ठीक; फार झाला तर कल्ले भरतात, कोळंबी खाणे सोडते. वजन आठवड्याला करतात. वाढ थांबली की भावाचा हात अजून आधी खाद्याच्या पोत्याकडे जातो, आणि वहिनी त्याच्या हातात शंकू देतात.