छापील बिल्ला धुण्यात टिकावा म्हणून

शाळा सुरू व्हायच्या आधी गटांकडे गणवेशाची शिलाई येते. सोबत खिशावर लावायचा छापील बिल्लाही असतो. शाळेचं नाव, कधी गटाचं नाव, कधी अॅप्रनवरचं एखादं चित्र. शिलाई चांगली झाली, माप बरोबर आलं, तरी चार धुण्यांत बिल्ल्याचा रंग उडाला किंवा कड उसवली, की आई म्हणते "गटाचं काम कच्चं". पुढची ऑर्डर मग दुसरीकडे जाते. तेव्हा आज बोलू या या हातभर नव्हे, वीतभर कापडाविषयी.

आधी छपाई कोणती ते ओळखायचं. बोट फिरवून बघा. रंगाचा जाड, रबरासारखा थर हाताला लागला तर ती रबर छपाई. तिच्यावर थेट गरम इस्त्री ठेवली की ती वितळते आणि इस्त्रीला चिकटते. रंग हाताला जवळजवळ लागत नसेल, कापड मऊच वाटत असेल, तर बहुधा रंग कापडावर चिकट द्रावणाने धरून ठेवलेला असतो. आपल्या गटांतून चौकटीच्या जाळीने जी छपाई होते, ती बहुतेक याच प्रकारची. काही दुकानांत कागदावरचं चित्र उष्णतेने उतरवून देतात. त्यातली एक तऱ्हा फक्त पॉलिस्टरवरच टिकते, साध्या सुती कापडावर ती धुऊन जाते. म्हणून दुकानदाराला कापड आधी दाखवा.

आता एक गैरसमज. रंग पक्का व्हावा म्हणून बिल्ला मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवायचा, असं पुष्कळजणी सांगतात. कापड रंगवण्याच्या काही रंगांना मिठाची मदत होते, हे खरं. पण जाळीच्या छपाईत रंगाला धरून ठेवतं ते द्रावण, आणि ते घट्ट होतं कोरड्या उष्णतेने. साधारण 150 अंश सेल्सियसची उष्णता तीन ते पाच मिनिटं मिळावी लागते. घरच्या इस्त्रीवर दोन ठिपक्यांची खूण म्हणजे जवळपास एवढीच उष्णता, तीन ठिपके म्हणजे 200. छपाई पूर्ण वाळू द्या. मग बिल्ला उलटा करून, वर पातळ सुती कापड ठेवून, इस्त्री दाबत दाबत फिरवा. एका जागी थांबवू नका, पाणी शिंपडू नका, वाफ सोडू नका. नंतर दोन-तीन दिवस पाण्याला दूर ठेवा. रंगाच्या डब्यावर वेगळी सूचना असेल तर तिचंच ऐकायचं. पक्कं झालं का हे बघायला ओलं पांढरं फडकं बिल्ल्यावर दहावेळा रगडा. फडक्याला रंग लागला तर इस्त्री पुन्हा.

बिल्ल्याचं सुती कापड आणि गणवेशाचं कापड सारखं आटत नाही. बिल्ला आटला तर शर्टाला चुण्या पडतात. म्हणून छपाईआधीच कापड पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. गणवेशाचा उभा धागा आणि बिल्ल्याचा उभा धागा एका दिशेला येऊ द्या.

कडेकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. छपाईच्या भोवती अर्धा इंच कोरी जागा ठेवून कापायचं. ती जागा आत दुमडा आणि कडेपासून एक रेघभर आत टीप मारा. रंगाच्या जाड थरातून सुई घालू नका. तिथे पडलेलं भोक बुजत नाही, आणि फार बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं कापड ओळीने फाटतं. कोपरे थोडे गोल करा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. दुमड जाड होत असेल तर गावात साडीला पिको करून देणारी बाई कड झिगझॅग करून देईल. हाताने करायचं तर काजाचा टाका. बिल्ल्यामागे पातळ चिकट कॅनव्हास लावला तर तो ताठ राहतो. पण नुसत्या गोंदावर विसंबू नका, गरम पाण्यात आणि इस्त्रीत तो सुटतो. टीप हवीच.

ज्याचा रंग अगोदरच झिजू लागला आहे, त्यावर मागून जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा ठेवून गोधडीसारखा धावदोरा घाला. आठवणीचं जुनं छापील कापड असेल तर वरून बारीक नायलॉनची जाळी शिवता येते. संग्रहालयांतही नाजूक कापडावर अशी जाळी शिवतात. चित्र दिसतं, घर्षण जाळी सोसते.

शेवटी धुणं. गणवेश उलटा करून, गार किंवा कोमट पाण्यात, ब्लीच न घालता. धोपटण्याने बिल्ल्यावर मारू नका, ब्रशने घासू नका. सावलीत वाळवा आणि इस्त्री उलट्या बाजूने. हे सगळं चार ओळींत लिहून गणवेशाच्या खिशात चिठ्ठी टाका. आईच्या हातात ती धुण्याच्या दिवशीच पडेल.