जेनेरिक प्रतिजैविक
जेनेरिक प्रतिजैविक म्हणजे व्यापारी नावाऐवजी मूळ औषधद्रव्याच्या नावाने ओळखले जाणारे जीवाणुरोधक औषध. एखाद्या ब्रँडला असा पर्याय आहे किंवा नाही, हे शोधण्याची सुरुवात त्याच्या वेष्टनावरील घटकांच्या नोंदीपासून होते. उदाहरणार्थ, ऑगमेंटिन ६२५ या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन व १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. हीच दोन द्रव्ये याच प्रमाणात असलेली गोळी तिचा पर्याय होय. केवळ अमॉक्सिसिलिनची गोळी स्वस्त असली तरी पर्याय ठरत नाही. काही जीवाणू अमॉक्सिसिलिन निष्प्रभ करणारे विकर निर्माण करतात व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या विकराला रोखते.

१९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधद्रव्यावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे. ही स्थिती २००५ पर्यंत टिकल्याने जुन्या प्रतिजैविकांपैकी बहुतेकांचे पर्याय येथे तयार होतात. २००८ पासून जनऔषधी केंद्रांतही जेनेरिक औषधे मिळू लागली.

पर्याय अस्तित्वात असणे आणि तो रुग्णाच्या हाती पडणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार, अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाने लिहिलेले असल्यास विक्रेत्याला त्याऐवजी त्याच द्रव्याचे दुसरे औषधही परस्पर देता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरसारख्या गावी दुकानात नेमका तो ब्रँड नसेल, तर रुग्णाला पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी बदलून घ्यावी लागते. चिठ्ठीवर प्रथमच द्रव्याचे नाव असल्यास ही खेप वाचते.