जुना लॅपटॉप आणि बसलेला हात

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही, पण आपला लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नाही हे अनेक घरांत तेव्हाच पहिल्यांदा कळलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप, कितीही नीट चालत असले तरी, बाद. देवनारला आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी फाटकापाशी भेटली की विचारायची, "हा आता भंगारात द्यायचा का रे?"

हा प्रश्न सर्वांत कळकळीने विचारला तो शेजारच्या इमारतीतल्या काकांनी. पंचाहत्तरी ओलांडलेले, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. देवनार, गोवंडी, अणुशक्तीनगर या पट्ट्यात असे निवृत्त तंत्रज्ञ घरोघरी आहेत. या भागाचं संगणकाशी नातंही जुनं आहे. टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, हा देशी बनावटीचा संगणक १९६९मध्ये याच तुर्भ्यात तयार झाला आणि पुढे त्याच्या मालिकेतली यंत्रं हैदराबादच्या ईसीआयएलने बनवली. काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या मालिकेतली यंत्रं चालताना पाहिली आहेत. त्यामुळे ‘म्हाताऱ्या माणसाला कळेल असं काहीतरी सोपं टाकून द्या’ हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची माझी हिंमत नव्हती. त्यांना कळत सगळं होतं. अडचण होती ती मोतीबिंदूनंतरच्या डोळ्यांची, किंचित थरथरणाऱ्या उजव्या हाताची आणि दर अपडेटनंतर जागा बदलणाऱ्या बटणांची. स्वयंपाकघरातले डबे कुणी दर महिन्याला हलवून ठेवले, तर मुरलेली सुगरणही चाचपडेल.

म्हणून कामाला सुरुवात लॅपटॉप उघडून केली नाही. आधी वहीत यादी केली : काका या यंत्रावर नेमकं काय करतात? सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मराठीत लिहितात. देखभाल खर्चाचा तक्ता ठेवतात. बँकेचं स्टेटमेंट आणि पेन्शनची पावती उतरवून घेतात. परदेशातल्या मुलीशी व्हिडिओ कॉल करतात. रात्री नाट्यसंगीत ऐकतात. आणि गेली काही वर्षं नोकरीतल्या आठवणी लिहीत आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्यासाठी एवढी यादी पुरते, आणि ती झाल्याशिवाय कुणाचाही सल्ला ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण सल्ला देणारा बहुधा स्वतःच्या कामांसाठी यंत्रणा निवडत असतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे विचारलं, याला विंडोजच लागतं का? बँक, पेन्शन, आयकराचं संकेतस्थळ, व्हॉट्सॲप, गाणी आणि बहुतेक व्हिडिओ कॉल ब्राउझरमध्ये होतात. तक्ते आणि पत्रं लिब्रेऑफिसमध्ये होतात आणि वर्ड-एक्सेलच्या साध्या फाइलीही त्यात उघडतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला काका आता जीवन प्रमाणच्या चेहरा-पडताळणीने फोनवरूनच देतात, त्यामुळे अंगठ्याचं यंत्र लॅपटॉपला जोडण्याचा प्रश्न सुटलेलाच होता. याउलट कुणी घरून टॅलीवर हिशेब लिहीत असेल, किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर ज्यांचं काम चालतं, त्यांनी घाई करू नये. काही जुने लेझर प्रिंटरही लिनक्ससारख्या पर्यायी यंत्रणेवर अडून बसतात. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली आहे. तेवढ्या काळात दुसरी व्यवस्था बघता येते.

मग यंत्र तपासलं. पाचव्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८चा पडदा. बिजागऱ्या घट्ट, कीबोर्डची सगळी बटणं शाबूत. बॅटरी थकलेली, पण काका लॅपटॉप टेबलावर प्लग लावूनच वापरतात. लॅपटॉप सुरू होऊन हाताशी येईपर्यंत चहा गाळून पिऊन होई. हा दोष बऱ्याचदा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. खरं कारण असतं मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ती डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅमची आणखी एक पट्टी घालून ८ जीबी केली, तर अशा वयाचं यंत्र साध्या कामांना सहज पुरतं. हे दोन्ही भाग चेंबूरच्या दुकानांत मिळतात, लॅमिंग्टन रोडला तर मिळतातच.

एसएसडी घेण्याचा आणखी एक फायदा मला वेगाहून मोठा वाटतो. जुनी डिस्क पुसायची नाही. ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालायची. तिच्यावर विंडोज, फोटो, फाइली जशाच्या तशा राहतात. नवं नाही पटलं, तर स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवता येते. हे समजावल्यावर काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे परतीची वाट आहे," ते म्हणाले. ज्येष्ठांना बदल नको असतो असं आपण म्हणतो, पण परत फिरता येणार नाही असा बदल कुणाला हवा असतो? तरीही महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत आधी काढली. विंडोज शिफ्ट दाबून पूर्ण बंद केलं, कारण ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते अर्धवट झोपेत राहतं आणि मग दुसऱ्या यंत्रणेला त्या डिस्कवर नीट लिहिता येत नाही. ड्राइव्हवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी लागते.

उमेदवार निवडताना नावं भरपूर समोर येतात. लिनक्सचा गाभा १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रणा आज शेकड्यांनी आहेत. सी-डॅकने २००७मध्ये आणलेलं ‘बॉस’ भारतीय भाषांचा विचार करून बनवलेलं आहे. केरळच्या शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच शिकवलं जातं. घरगुती वापरासाठी आम्ही गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स, झोरिन आणि लिनक्स मिंट विचारात घेतली. या यंत्रणा पेन ड्राइव्हवर टाकून डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. उतरवल्यावर ती मूळ फाइलीशी जुळते का, हे संकेतस्थळावर दिलेल्या खुणेवरून ताडून बघायचं, ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा.

यानंतर मी खुर्ची सोडली आणि काकांच्या मागे स्टुलावर बसलो. माउस त्यांच्या हातात. मी काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. यादीतली कामं त्यांनीच करायची.

क्रोमओएस फ्लेक्स हलकं आहे, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. ज्यांचं सारं काम ब्राउझरमध्ये आहे त्यांना मी ते निःशंक सुचवेन. पण काकांना स्वतःच्या फाइली स्वतःच्या डिस्कवर हव्या होत्या आणि त्यांचे जुने मराठी फॉन्ट तिथे बसवण्याची सोय नव्हती. झोरिन देखणं होतं आणि विंडोजच्या वळणाचं होतं. मात्र पेन ड्राइव्हवरून पाहत होतो तेव्हा रॅमची नवी पट्टी यायची होती आणि ४ जीबीत ते जड चाललं. मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीत खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. काकांनी न विचारता फाइल उघडली, छोटी केली, परत मोठी केली. तिथेच माझा कल ठरला. मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे तोवर पडद्याची मांडणी उलटीपालटी होण्याची धास्ती नाही. आणि तितकंच वजनदार कारण म्हणजे मी स्वतः मिंट वापरतो. रात्री नऊ वाजता "अरे, हे काय आलंय?" असा फोन आला, तर माझ्यासमोर तोच पडदा असतो. जवळच्या मदतनीसाला जी यंत्रणा येते, ती ज्येष्ठांसाठी निम्मी सोपी झालेलीच असते.

खरी परीक्षा मराठीची होती. काका इन्स्क्रिप्टवर लिहितात. ही मांडणी १९८६मध्ये प्रमाण म्हणून ठरली आणि १९९१मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकातही आली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मिंटच्या कीबोर्ड-मांडणीच्या यादीत मराठीची इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी वेगळी मांडणीही आहे. इन्स्क्रिप्ट निवडली, भाषा बदलायचं बटण काकांच्या सवयीचंच ठेवलं आणि त्यांना म्हटलं, लिहा. त्यांनी न बघता शिफ्ट-एन दाबून ‘ळ’ काढला, शिफ्ट-जे दाबून ‘ऱ’ काढला आणि ‘दऱ्याखोऱ्या’ अचूक उमटवलं. यंत्रणा बदलली तरी बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही, कारण चार दशकांपूर्वी कुणीतरी प्रमाण ठरवलं होतं आणि पुढच्यांनी ते पाळलं.

आठवणींची जुनी प्रकरणं मात्र युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. उघडल्यावर पानभर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला आणि काका क्षणभर गप्प झाले. त्यांच्या जुन्या डिस्कवरची त्या फॉन्टची फाइल नव्या यंत्रणेत बसवली आणि मजकूर दिसू लागला. पुढे प्रकरणामागून प्रकरण युनिकोडमध्ये बदललं. हे रूपांतर यंत्रावर सोपवून मोकळं होता येत नाही. रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून ओळन्‌ओळ वाचावी लागते. पण हे काम करायलाच हवं, कारण युनिकोडमधला मजकूर उद्या कुठल्याही यंत्रावर वाचता येतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नेमली की काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट काकांच्या डोळ्यांना सर्वांत मानवला.

नंतरचा बराच वेळ बारीकसारीक गोष्टींत गेला आणि माझ्या मते सोपेपणा तिथेच तयार होतो. माउसच्या दोन क्लिकमधली सवलतीची वेळ वाढवली, म्हणजे थरथरत्या बोटाचं डबल-क्लिक फुकट जात नाही. टचपॅडवर नुसतं टेकल्याने क्लिक होणं बंद केलं. बाण मोठा केला. अक्षरं मोठी केली, पण १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर अति मोठी केली तर ‘ओके’चं बटण चौकटीबाहेर जातं, म्हणून खिडक्या उघडून उघडून बेताचं माप ठरवलं. डेस्कटॉपवर यादीतल्या कामांचीच चिन्हं ठेवली. दुरुस्त्या आपोआप व्हाव्यात अशी सोय केली आणि टाइमशिफ्ट चालू केलं, म्हणजे एखादी दुरुस्ती बिघडली तर आधीच्या दिवसाच्या स्थितीत परतता येतं. व्हिडिओ कॉल मुलीला लावूनच तपासला.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिनक्सवर विंडोजचे व्हायरस सहसा चालत नाहीत, पण फसवणारा माणूस फोनवरून बोलतो आणि त्याला कुठलीही यंत्रणा चालते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही, अनोळखी माणसाला पडद्याचा ताबा द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. हे काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवलं आहे.

देवनारच्या लोकांना फेकलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. १९२७पासून शहराचा कचरा इथे पडतो आहे आणि जानेवारी २०१६मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर आम्ही छातीत घेतला आहे. लॅपटॉपची जागा त्या कचऱ्यात नाही. त्याच्यासाठी ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि खरोखर मेलेलं यंत्र अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच द्यायला हवं. पण काकांचा लॅपटॉप मेलेला नव्हता. आज तो विंडोजच्या काळापेक्षा लवकर सुरू होतो आणि आठवणींचं पुढचं प्रकरण त्याच्यावर लिहिलं जात आहे.

तुमच्या घरात असा लॅपटॉप असेल तर तो विकण्याआधी एक सुटी त्याला द्या. आईवडिलांशेजारी बसून त्यांच्या कामांची यादी करा, फाइलींची प्रत काढा, पेन ड्राइव्हवरून एकदोन यंत्रणा त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. कुठली ठेवायची हे त्यांना ठरवू द्या, आणि त्यानंतरही त्यांचे फोन उचला.